निशाणी डावा अंगठा

दस्त लिहून झाला की तो मोठ्याने वाचून दाखवायचा, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. सोलापुरात दुय्यम निबंधक कचेरीबाहेरच्या टेबलावर मी दस्तलेखक म्हणून उभी हयात काढली. खरेदीखत, गहाणखत, हक्कसोड, बक्षीसपत्र, जे असेल ते. ज्याला सही येत नाही त्याच्या अंगठ्याला मी स्वतः शाई लावायचो. पॅडवर अंगठा हलका फिरवायचा, कागदावर नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अलगद टेकवायचा, शेजारी ‘निशाणी डावा अंगठा’ आणि नाव लिहायचं, खाली दोन साक्षीदार घ्यायचे. राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिला, हे वाक्य प्रत्येक दस्तात असतं आणि ते वाचताना मी समोरच्याच्या डोळ्यांत बघायचो. म्हातारी बाई मुलाच्या धाकाने आली आहे असं दिसलं तर दस्त त्या दिवशी होत नसे.

म्हणून अंगठा देणं ही मला कधी लाजिरवाणी गोष्ट वाटली नाही. पण सरकारने हा अंगठा कुठून आणला आणि कुणावर चालवला, हे निवृत्तीनंतर वाचत गेलो तसतसा माझा जीव अस्वस्थ झाला. ते आता लिहून ठेवतो.

आपल्याकडे निशाणी फार जुनी आहे. मोडी कागदांच्या शेवटी पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला दिसतो. न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. कुळकर्णी नाव लिहायचा आणि माणूस आपल्या कामाचं हत्यार पुढे करायचा. ती खूण कुणालाही काढता आली असती, तरी चालत होतं, कारण गाव साक्षीला बसलेलं असे. खरेपणा त्या नांगरात नव्हता, भोवती बसलेल्या माणसांच्या शब्दात होता.

इंग्रज अंमलदाराला त्या माणसांच्या शब्दावर विश्वास नव्हता. जुलै १८५८, म्हणजे उठाव नुकता मोडून काढल्याचे दिवस. बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण अधिकारी रस्त्याच्या खडीचा करार करत होता. कंत्राटदार राज्यधर कोनाई. हर्शेलने त्याच्या तळहाताला शिक्क्याची शाई फासली आणि कराराच्या पाठीवर पंजा उमटवून घेतला. ओळख पटवण्याचं शास्त्र तेव्हा त्याच्या मनातही नव्हतं. कोनाईने पुढे ‘ही माझी सही नाही’ म्हणू नये, त्याला धास्ती बसावी, एवढाच हेतू होता, हे हर्शेलने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. सरकारी ठशाची सुरुवात अशी धाक घालण्यासाठी झाली. नंतर त्याला रेषांचा नाद लागला, तो वर्षानुवर्षं ठसे जमवत राहिला आणि १८७७ मध्ये हुगळीला दस्तनोंदणी, पेन्शनवाले आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी त्याने ठसे सुरू केले. शेतकरी, म्हातारा शिपाई आणि कैदी एकाच शाईत आले.

पण ठसे घेणं सोपं, हजारो ठशांतून एक शोधणं अवघड. हे कोडं कलकत्त्यात सुटलं, आणि ते सोडवणाऱ्यांची नावं आपल्या शाळेत कुणी शिकवत नाही. एडवर्ड हेन्री हे बंगालचे पोलीस प्रमुख, पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिचं गणित बसवलं त्यांच्या हाताखालच्या दोघांनी, काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. गणित इतकं सुबक आहे की ते मांडल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्या आज्या नातवंडांच्या बोटांवर शंख किती, चक्रं किती हे मोजत. इथेही तेच. दहा बोटं, प्रत्येकाला एकच प्रश्न: चक्र आहे की नाही? बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६ गुण, पुढे ८, ४, २, १. जोडीतल्या एका बोटाचे गुण वर, दुसऱ्याचे खाली, दोन्हींत एक-एक मिळवायचा. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १०२४ खण. कुणाचाही कागद आला की तो नेमका कुठल्या खणात जाणार हे दोन मिनिटांत ठरतं, आणि शोध लाखातून न घेता त्या एका खणातून घ्यायचा. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी उघडली, जगातली पहिली. हक आणि बोस यांना खानबहादूर, रायबहादूर अशा पदव्या आणि काही रक्कम मिळाली, तीही पुष्कळ उशिरा.

त्याच सुमारास जलपाईगुडीकडे एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. खोलीत एका बंगाली पंचांगावर तपकिरी ठसा सापडला. चोरीसाठी पूर्वी शिक्षा झालेल्या कांगाली चरण नावाच्या माणसाच्या कलकत्त्यातल्या ठशाशी तो जुळला. १८९८ मध्ये कोर्टाने त्याला चोरीबद्दल दोषी धरलं, खुनाबद्दल नाही. या माणसाचा हात पंचांगाला लागला होता एवढंच ठसा सांगतो, पुढचं सांगत नाही, हा विवेक त्या कोर्टाने दाखवला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पुढच्या वर्षी पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन ठसेतज्ज्ञाचं मत कोर्टात चालू लागलं. १९०१ मध्ये हेन्री लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेले आणि पद्धत जगभर पसरली.

त्याआधी १९०० मध्ये हेन्री दक्षिण आफ्रिकेत पोलीस दल उभं करायला गेले होते. काही वर्षांनी तिथल्याच ट्रान्सवालच्या सरकारने कायदा काढला की आठ वर्षांवरच्या प्रत्येक हिंदी माणसाने नोंदणी करावी आणि दहाही बोटांचे ठसे द्यावेत. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा भरली आणि हा कायदा पाळायचा नाही अशी शपथ झाली. सत्याग्रहाची सुरुवात तिथून धरतात. मिठाच्या आधी ठसा होता, हे आपण विसरतो. गांधीजींनी हेन्रींचं पुस्तक वाचलं आणि त्यातून त्यांना कळलं की कायद्याने असे ठसे फक्त गुन्हेगारांचे घेतले जातात. १९०८ च्या जानेवारीत त्यांनी ट्रान्सवाल सरकारमधल्या जनरल स्मट्सशी तडजोड केली: सक्ती उठवा, आम्ही आपखुशीने ठसे देतो. यावरून आपल्याच माणसांनी त्यांना रस्त्यात मारलं. ज्यांनी मारलं त्यांचा राग मला समजतो, पण गांधीजींचं म्हणणं दस्तलेखकाला जास्त समजतं. सक्तीने घेतलेला अंगठा आणि राजीखुशीने दिलेला अंगठा कागदावर सारखाच दिसतो. फरक दस्ताच्या बाहेर असतो. सरकारने शब्द पाळला नाही असं दिसल्यावर १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांवर नोंदणीपत्रं जाळली गेली.

आता माझ्या गावाबद्दल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवली. तो उत्तरेत सुरू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने त्याची पकड आपल्या मुंबई इलाख्यापर्यंत आली आणि त्यात ठशांचं कलम घातलं गेलं: नोंदलेल्या जमातीतल्या कुणाचेही ठसे कधीही घेता येतील. कलकत्त्यात आधी पकडलेल्या, शिक्षा झालेल्या माणसाचा ठसा कचेरीत जात असे. इथे गुन्हा घडायची वाटच बघायची नव्हती. सोलापुरात कैकाडी, पारधी, टकारी, भामटे, मांग-गारुडी यांना तारेच्या कुंपणाआड बसवलं. त्या जागेला ‘सेटलमेंट’ म्हणत. काही काळ तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. हजेरी द्यायची, पास घेऊन गिरणीत जायचं, वेळेत परतायचं. मुलांना आईबापांपासून काढून शाळेत ठेवण्याचीही सोय कायद्यात होती. कारभाऱ्यांची भाषा सुधारणेची होती आणि त्यातले काही जण मनापासून सुधारणावादी असतीलही. पण कुंपणाला फाटक होतं आणि त्याची किल्ली आतल्या कुणाकडे नव्हती.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून अजून पाळतात. आमच्या गावात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असा पत्ता लिहितात. त्या पत्त्याची माणसं माझ्या टेबलावर दस्त करायला यायची. शाईचा पॅड पुढे केला की त्यांच्यातले म्हातारे हात मागे घ्यायचे. सही येत नसूनही पेन मागायचे, वाकडंतिकडं नाव गिरवायचे, त्यात पाव तास जायचा. मी थांबायचो. इतर कुळांनी कुरकुर केली तरी थांबायचो. त्यांच्या घरात शाईचा अर्थ काय होता हे मला माहीत होतं.

कायदा गेला, पण त्याची सावली १९५९ च्या मुंबईच्या सराईत गुन्हेगार कायद्यात उरली. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ठरवलं की आरोपीकडून ठसे घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. पुढच्याच वर्षी खडकसिंगचा निकाल आला. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेला माणूस, तरी पोलिसांनी त्याच्या नावाने पाळतीचं पत्रक उघडलं आणि रात्री-अपरात्री दार ठोठावायला लागले. न्यायालयाने रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला नाही. ही चूक दुरुस्त व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. पुट्टस्वामी नावाच्या नव्वदीतल्या निवृत्त न्यायमूर्तींच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क मान्य केला. त्याआधी केंद्र सरकारच्या महान्यायवादींनी भर कोर्टात जुन्या निकालांचा आधार घेत असा हक्क घटनेत नाही असं सांगितलं होतं. स्वतंत्र देशाच्या सरकारने आपल्याच नागरिकांविरुद्ध हे म्हणावं, याचं मला अजून दुःख आहे.

ती याचिका आधारबद्दल होती. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत दिला गेला. तेव्हा शब्द होता ‘ऐच्छिक’. काही वर्षांतच रेशन, शिष्यवृत्ती, बँक, मोबाईल सगळं त्याला बांधलं गेलं. २०१८ च्या निकालाने बँक आणि मोबाईल सोडवले. रेशन बांधलेलंच राहिलं.

सोलापुरात त्याचा भार कुणावर पडतो ते बघा. इथे हजारो बायका विड्या वळतात. सूप मांडीवर, तेंदूचं पान कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, बोटांनी वळायचं, दोऱ्याने बांधायचं, तोंड दुमडायचं. आयुष्यभर हेच केलं की बोटाच्या टोकावरच्या रेषा झिजून सपाट होतात. अशी बाई रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवते आणि मशीन नाकारतं. बोट पुसते, पदराला घासते, पुन्हा ठेवते. ‘थंब लागत नाही मावशी, उद्या या.’ उद्या येणं म्हणजे उद्याची मजुरी बुडवणं. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला वंचित ठेवता येणार नाही असं नियमात लिहिलेलं आहे, पण ते दुकानात वाचून दाखवणारं कुणी नाही. त्या दुकानदाराशी मी भांडलो आहे. तोही म्हणतो, मशीन हो म्हणाल्याशिवाय मी पोतं उघडू शकत नाही. रांगेतल्या दहा बायका तिला नावाने ओळखतात. त्यांची साक्ष कुणी घेत नाही.

माझं सरकारशी भांडण नेमकं इथे आहे. मी घेतलेल्या अंगठ्याआधी मजकूर वाचला जात होता, दोन माणसं साक्षीला होती, आणि दस्ताची प्रत अंगठा देणाऱ्याच्या हातात जात होती. मशीनवर ठेवलेल्या अंगठ्याला यातलं काहीच नाही. तो कुठे जातो, किती वर्षं राहतो, कोण बघतं, हे कुणी वाचून दाखवत नाही. आणि प्रत्येक वेळी हद्द पुढे सरकते. कोनाई एकटा होता. मग कैदी, मग जमात, मग गाव, मग देश.

२०२२ मध्ये संसदेने कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा कायदा बदलला. नव्या कायद्याने अटक झालेल्या माणसाचे बोटांचे, तळव्यांचे, पावलांचे ठसे, डोळ्यांतल्या बुबुळांची आणि पडद्याची प्रतिमा घेता येते, काही बाबतींत रक्तासारखे नमुनेही. हे सगळं दिल्लीत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षं राहतं. १९२० चा कायदा साहेबाचा होता. तो आपण लहान करायला हवा होता, मोठा केला. निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करावी असं त्यात आहे, पण सगळी अपिलं संपल्यावर, आणि नियमांप्रमाणे त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मागणी जावी लागते. संशयाने उचललेल्या आणि मग सोडून दिलेल्या पोराला हे कोण सांगणार?

म्हणून अशा अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे. मराठीत, एका पानाचा: नाव, गुन्हा क्रमांक, सुटकेच्या आदेशाची तारीख, आदेशाची प्रत सोबत, आणि नोंद नष्ट केल्याचं लेखी उत्तर मिळावं अशी विनंती. कचेरीबाहेरच्या तरुण दस्तलेखकांना त्याच्या प्रती दिल्या आहेत. दोन गोष्टी त्यांना बजावल्या आहेत: या अर्जाची फी घ्यायची नाही, आणि लिहून झाला की तो त्या माणसाला सावकाश वाचून दाखवायचा.