स्वस्तातले राक्षस

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला स्वतःचा एक राक्षस आहे. त्याचे नाव लवणासुर. लोणारला जमिनीखाली त्याचे भुयार होते, तिथून निघून तो आसपासच्या मुलखाला छळायचा. शेवटी विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेतले, पायाच्या अंगठ्याने त्या भुयाराचे झाकण उडवले आणि त्याला मारले. सरोवराचे खारे पाणी म्हणजे त्याचेच रक्त, अशी कथा आहे. लोणार गावात दैत्यसूदनाचे देखणे मंदिर आजही उभे आहे. याच लोणारबद्दल अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लिहिले आहे. इथे काच आणि साबण बनवण्याचा माल मिळतो, हे त्याने आवर्जून नोंदवले. आणि आजचे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की अशनी आदळून बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा तयार झाला.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. वर्गात या तिन्ही गोष्टी सांगतो. आठवड्याने विचारले तर अबुल फजल दोन-तीन मुलांना आठवतो, अशनी निम्म्या वर्गाला, आणि लवणासुर सगळ्यांना. राक्षसाची ही ताकद आहे. म्हणून आज राक्षसांबद्दलच लिहितो, तेही पडद्यावरच्या आणि अगदी कमी पैशात बनलेल्या राक्षसांबद्दल. ज्या सिनेमांना शहाण्या लोकांनी नाके मुरडली आणि आपल्याकडच्या तालुक्यांनी डोक्यावर घेतले, त्या सिनेमांचा हा थोडा इतिहास.

सुरुवात नाशिकपासून करावी लागेल. दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ १९१९ सालचा. त्यात कृष्ण झाली होती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी, आणि समोर होता कालिया नाग. घरची मुलगी, घरची माणसे, हाताने बनवलेला नाग. घरच्यांना घेऊन, तुटपुंज्या साधनांत राक्षस उभा करायचा, हा रिवाज आपल्या सिनेमात तेव्हापासूनचा आहे.

दुसरा धागा उर्दूचा. ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ आणि त्यातलाच ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हे नाव आपल्यापैकी अनेकांनी दादा-नानांच्या तोंडून ऐकले असेल. लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला ही दास्तान ४६ जाडजूड खंडांत छापली. देव, जिन्न, परी, जादूगार यांची तिथे नुसती गर्दी आहे. दास्तानगोला एका पैशाचाही सेट लागत नव्हता. तो म्हणाला ‘देव आला’ की देव आला. ऐकणाऱ्याच्या डोक्यात जेवढी जागा, तेवढा मोठा देव.

हेच देव आणि जिन्न पुढे मुंबईच्या स्टुडिओंत आले. होमी वाडियांनी १९५२ साली ‘अलादीन और जादुई चिराग’ आणि १९५६ साली ‘हातिमताई’ काढला. या पंथाचे खरे उस्ताद बाबूभाई मिस्त्री. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये अदृश्य माणसाचे प्रसंग होते. बाबूभाईंनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या. कॅमेऱ्याला दोरा दिसला नाही, प्रेक्षकाला वस्तू आपोआप उडताना दिसल्या. लोक त्यांना ‘काला धागा’ म्हणू लागले. एका दोऱ्याच्या किमतीत चमत्कार! १९६२ साली त्यांनी दारासिंगला घेऊन ‘किंग काँग’ केला. १९६६ साली ‘गोगोला’ नावाचा चित्रपट आला, त्यात समुद्रातून राक्षस मुंबईवर चालून येतो. जपानने १९५४ साली ‘गोडझिला’ काढला होता, त्याचा हा आपला गरीब चुलतभाऊ. गोडझिलाही अखेर रबरी पोशाखातला माणूसच होता. पण हिरोशिमा-नागासाकी भोगलेल्या आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीत आपले मच्छीमार होरपळलेले पाहिलेल्या लोकांना त्या रबरात बॉम्ब दिसला. पोशाख किती स्वस्त आहे यापेक्षा बघणाऱ्याच्या मनात आधीपासून कोणती भीती बसली आहे, याला जास्त महत्त्व असते.

आता येऊ रामसे मंडळींकडे. फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, त्याचे ‘रामसे’ झाले. फाळणीत सगळे सोडून कुटुंब मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान टाकले. आपण फाळणी म्हटले की मंटो वाचतो, इंतिजार हुसैन वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण हिंदी सिनेमाचे भूत फाळणीच्या निर्वासितांनी घडवले, हेही त्याच इतिहासाचे एक पान आहे.

मराठी वाचकाला चकित करील अशी गोष्ट पुढे आहे. रामसेंनी १९६३ साली ‘रुस्तम सोहराब’ काढला. फिरदौसीच्या शाहनाम्यातली कथा, पृथ्वीराज कपूर आणि सुरैया. सुरैयाचा हा शेवटचा चित्रपट. त्याचे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर! म्हणजे ‘रणांगण’चे लेखक, आपल्या वऱ्हाडात अमरावतीला जन्मलेले. पुढे १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आला. त्याचेही दिग्दर्शन बेडेकरांचे, आणि पुन्हा पृथ्वीराज कपूर. चित्रपट पडला. पण त्यात एक प्रसंग होता. भयंकर मुखवटा आणि चिलखत घातलेला चोर येतो, पोलिसांच्या गोळ्या त्याला लागत नाहीत. रामसेंच्या मुलांनी थिएटरात पाहिले की लोक तेवढ्या प्रसंगासाठी जागे होतात. त्यांनी वडिलांना सांगितले की बाकी सगळे सोडा आणि हेच करा. मराठीतली एक श्रेष्ठ कादंबरी लिहिणारा लेखक आणि हिंदी भयपटाचा जन्म यांच्यात अंतर एवढेच. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात याची नोंद सहसा कोणी घेत नाही.

१९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. सात भाऊ होते. कुमार लिहायचे, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजावर, अर्जुन संकलनावर, केशू निर्मितीच्या धावपळीत. बायका स्वयंपाक सांभाळायच्या. सगळे कुटुंब आणि कलाकार महाबळेश्वरला जाऊन राहिले आणि सुमारे ४० दिवसांत, साडेतीन लाखांच्या आसपास चित्रपट उरकला, असे सांगतात. सेट नाही, कारण जुना बंगला आयताच मिळतो. महागडा पोशाख नाही, कारण नट घरचेच कपडे घालून येतात. खर्च फक्त धुक्याचा, मुखवट्याचा आणि आवाजाचा. दुकान रेडिओचे होते हे विसरू नका. दार करकरते, कुत्रे रडते, वारा शिट्टी घालतो, इथेच निम्मी भीती तयार होते. पुढे मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबाचा वाडाही त्यांच्या चित्रपटांत ‘हवेली’ बनला. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी घराण्याचा कोकणातला वाडा, सिंधी निर्वासितांचा कॅमेरा, आणि बघायला वऱ्हाडातले आपण.

१९८४ चा ‘पुराना मंदिर’ या सगळ्यांचा कळस. त्यातला सामरी झाला होता अजय अग्रवाल, म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, रुडकीला शिकलेला इंजिनीअर. साडेसहा फुटांच्या जवळपास उंची. मेकअपमनचे अर्धे काम त्याच्या बांध्यानेच केले होते. पुढे ‘बंद दरवाजा’मधला नेवलाही तोच.

हे चित्रपट आपल्यापर्यंत कसे पोहोचले, याचाही इतिहास आहे. सिनेमाच्या धंद्यात देशाचे जे वाटे पाडलेले आहेत, त्यात आपला जिल्हा ‘सीपी बेरार’मध्ये येतो. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार हा प्रांत केव्हाच संपला. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. पण वितरकांच्या वहीत तो प्रांत जिवंत राहिला. शेजारी जालना ‘निजाम’मध्ये आणि आपण ‘बेरार’मध्ये. या विभागाच्या वितरकांची संघटना भुसावळला. मेलेली राज्ये फिल्मच्या पेट्यांवर अशी भुतासारखी फिरत राहिली. मोठ्या नटांचे चित्रपट आधी मुंबई-नागपूर करून जुने झाल्यावर आपल्याकडे यायचे. ज्या जिल्ह्याच्या मुख्य गावाला रेल्वेसुद्धा नाही, तिथे नवी पेटी यायला वेळ लागणारच. रामसेंना मात्र मुंबईच्या समीक्षकाची गरज नव्हती. त्यांचे गिऱ्हाईक तालुक्यातच होते.

माझ्या वयाच्या लोकांनी हे चित्रपट थिएटरात कमी आणि इतरत्र जास्त पाहिले. जत्रेतल्या तंबूत, मध्ये कनात लावून एकीकडे बायका आणि एकीकडे पुरुष. किंवा भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर, एका रात्रीत तीन कॅसेट. पहिली अमिताभची, दुसरी ‘बारा वाजल्यानंतर’ची, म्हणजे भुताची, आणि तिसऱ्या कॅसेटपर्यंत अर्धी गल्ली झोपलेली. अब्बा म्हणायचे, हे बघून आखिरत बिघडेल. अम्मी म्हणायची, आखिरतचे नंतर बघू, हा पोरगा आता रात्री एकटा बाहेर जाणार नाही त्याचे काय? १९९३ साली ‘झी हॉरर शो’ आला आणि भूत केबलच्या तारेवरून घरात शिरले. त्याच वर्षी मराठीत महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ आला. रामदास पाध्येंची बाहुली आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू. आजही शाळेत एखाद्या खट्याळ मुलाला ‘तात्या विंचू’ म्हटले की सारा वर्ग समजतो.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. भूत नेहमी कबरीतून का उठते? आपल्याकडे कबरस्तानात शिरताना आत झोपलेल्यांना सलाम करायची रीत आहे. शब-ए-बरातला आपण तिथे फातिहा पढायला जातो. तिथे आपला दादा आहे, नानी आहे. भीती कसली? पुढे विचार केल्यावर कारण कळले. हे भूत विलायतेतून आले. ब्रिटनच्या हॅमर कंपनीने १९५७ साली फ्रँकेनस्टाइन आणि १९५८ साली ड्रॅक्युला काढला, तेही कमी पैशातच. त्यांचा राक्षस शवपेटीतून उठतो. आपल्या देशात बहुसंख्यांकडे प्रेत जाळतात. राख झालेल्यातून उठणार कोण? मग राक्षसाला पुरणे भाग पडले. ‘पुराना मंदिर’मध्ये सामरीचे मुंडके हवेलीत पेटीत कोंडतात आणि धड मंदिरामागे पुरतात, ते यासाठी. कथेची ही अडचण होती, कोणाशी वैर नव्हते. पण पडद्यावर वर्षानुवर्षे कबर म्हणजे भीती असेच दिसत राहिले, की शेजारच्या मुलाला आपल्या गावच्या कबरस्तानाची भिंतसुद्धा वेगळी वाटू लागते. हे बोलले पाहिजे. त्यासाठी सिनेमावर बंदी नको. शेजारच्या मुलाला एकदा सोबत घेऊन जावे, दादाची कबर दाखवावी, एवढे पुरते.

या चित्रपटांनी अंधश्रद्धा वाढवली, असा दुसरा आरोप आहे. आपल्या जिल्ह्यात बाधा, उतारा, झाडफूक यांची कमी नाही, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. १९४९ च्या ‘महल’पासून ते १९६२ च्या ‘बीस साल बाद’पर्यंत शेवटी भूत खोटे निघायचे, मागे माणूस असायचा. रामसेंनी भूत खरे केले. हा फरक आहेच. पण माझा अनुभव सांगतो. कनातीखाली बसलेली आम्ही पोरे पहिल्यांदा घाबरायचो, दुसऱ्यांदा सामरीच्या हातमोज्याची कड शोधायचो. मुखवटा मानेपाशी संपतो कुठे, यावर पैजा लागायच्या. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याला जे बाबा-बुवा पकडायचे आहेत, ते आपली शिवण कधीच दाखवत नाहीत. स्वस्तातल्या राक्षसाची शिवण दिसते. तो तिकिटाचे दोन रुपये घेतो, घाबरवतो आणि दिवे लागल्यावर घरी जाऊ देतो. त्याच्या भीतीला शेवट आहे.

आज माझ्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलमध्ये जे राक्षस येतात, त्यांची शिवण मलाही पटकन दिसत नाही. कुठल्या तरी गावचा व्हिडिओ दुसऱ्याच गावचा म्हणून फिरतो. कधी आपल्या वस्तीला राक्षस बनवलेले असते, तर कधी शेजाऱ्याच्या वस्तीला. त्यावर ‘समाप्त’ अशी पाटी येत नाही आणि दिवेही लागत नाहीत. अशा काळात मुलांना पुन्हा एकदा सामरी दाखवावा असे मला गंभीरपणे वाटते. हा दोरा बघा, हा मुखवटा बघा, हे धुके कुठून सोडले ते ओळखा. बाबूभाईंचा काळा धागा शोधायची सवय लागली, तर पुढचे धागेही सापडतील.

आणि हे लवकर केले पाहिजे. ‘आलम आरा’ची एकही प्रत उरली नाही, तर व्हीसीआरच्या कॅसेटींना बुरशी लागल्याचे कोण सांगणार? तुलसी रामसे २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली. तालुक्यांतली थिएटरे गोदामे किंवा मंगल कार्यालये झाली. पण प्रोजेक्टर चालवणारे चाचा, पोस्टर चिकटवणारे, तंबूची कनात बांधणारे अजून आहेत. तुमच्या मोहल्ल्यात असा कोणी असेल तर जवळ बसा, चहा मागवा आणि विचारा. मेहकर, मलकापूर, चिखली, खामगाव, कुठलेही असो, कोणत्या चित्रपटाला किती दिवस गर्दी होती, रीळ तुटल्यावर काय करायचे, बायकांच्या बाजूने पहिली किंचाळी कधी यायची, ते लिहून घ्या. अबुल फजलने लोणारचा साबण लिहून ठेवला, म्हणून आज आपल्याला तो माहीत आहे.