अल्कलाइन फॉस्फटेजची कुळकथा

विरार लोकलने दादर गाठून परळच्या टाटा मेमोरियलमध्ये जाणारे कितीतरी रुग्ण केमोआधीचं रक्त वसई-विरारच्या लॅबमध्येच देतात. रिपोर्ट हाती पडला की घरच्यांची नजर आधी यकृताच्या एसजीपीटी या आकड्यावर जाते. कर्करोग यकृतात उतरलाय का, ही शंका असेल तेव्हा मात्र त्याच कागदावरची दुसरी एक ओळ नीट वाचायला हवी: अल्कलाइन फॉस्फटेज.

या एन्झाइमचं मूळ घराणं हाडांचं. हाडं टणक कशी होतात, हे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन शोधत होते. वाढत्या हाडांत त्यांना १९२३ मध्ये ते सापडलं. पुढे १९३० च्या सुमारास विल्यम रॉबर्ट्स यांनी काविळीच्या रुग्णांचं रक्त तपासलं, तर पित्ताची वाट तुंबलेल्यांमध्ये तेच भरमसाट वाढलेलं.

कर्करोगाशी संबंध जुळतो तो याच तुंबण्यातून. यकृतात गाठ वाढली की भोवतीच्या बारीक पित्तनलिका दाबल्या जातात. अडलेल्या भागातल्या पेशी फॉस्फटेज जास्त बनवतात आणि ते रक्तात उतरतं. बाकीचं यकृत मात्र काविळीत डोळे पिवळे करणाऱ्या बिलिरुबिनचा निचरा करत राहतं. म्हणून डोळे पांढरेच, पण फॉस्फटेज चढलेलं, असं दिसलं की जाणता डॉक्टर सावध होतो.

लॅबमध्ये रक्त गोठू देतात, नळी गरगर फिरवतात आणि वरचं फिकट सीरम घेतात. ते पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेटच्या जवळपास रंगहीन द्रावणात पडलं की एन्झाइम फॉस्फेट तोडतं आणि पिवळा रंग उमटतो. तो किती वेगाने गडद होतो, त्यावर आकडा निघतो. ही युक्ती बेसी, लॉरी आणि ब्रॉक यांची, १९४६ ची.

पण हाडांचं मूळ सुटत नाही. वाढत्या मुलांत आकडा चढतो, गरोदरपणी वारेमुळे चढतो, कर्करोग हाडांत गेला तरी चढतो. म्हणून सोबत जीजीटी हे यकृताचं दुसरं एन्झाइम पाहतात. हाडांच्या आजारात ते वाढत नाही. शिवाय गाठी लहान असतील तर दोन्ही आकडे नॉर्मल येऊ शकतात. नुसत्या आकड्यावरून घरात रडारड होणं जितकं वाईट, तितकंच निर्धास्त होणंही. खात्री करायला सोनोग्राफी, सीटी स्कॅन, गरज पडली तर बायोप्सी लागतेच.

स्कॅन आल्यावरही ही तपासणी मागे पडली नाही. डोसेटॅक्सेल हे केमोचं औषध देण्याआधी बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी यांच्यासोबत फॉस्फटेजही पाहतात. फॉस्फटेज कमाल मर्यादेच्या अडीच पटींपुढे आणि एसजीओटी किंवा एसजीपीटी दीड पटीपुढे असेल, तर ते औषध देणं टाळतात.