२ ऑक्टोबर : ॲनी लीबोवित्झ यांचा जन्म (१९४९)

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात जन्मलेल्या छायाचित्रकार ॲनी लीबोवित्झ यांचा आज वाढदिवस. जॉन लेनन यांच्या हत्येच्या काही तास आधी त्यांनी टिपलेले छायाचित्र जगाला ठाऊक आहे. त्या मानाने ‘व्हॅनिटी फेअर’चा जुलै २००७चा आफ्रिका विशेषांक फारसा कुणाच्या लक्षात नाही, आणि ही खेदाची गोष्ट आहे. अतिथी संपादक होते गायक बोनो. अंक एकच, पण मुखपृष्ठे तब्बल २०! सगळी लीबोवित्झ यांच्या कॅमेऱ्यातली. त्यांवर २१ नामवंत होते. बराक ओबामा, मुहम्मद अली, माया अँजेलो, ओप्रा विन्फ्री... एकाने दुसऱ्याच्या कानाशी लागावे, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, अशी ही साखळी. त्यातच इराक युद्ध पुकारणारे जॉर्ज बुश आणि त्या युद्धाला कडाडून विरोध करणारे आर्चबिशप डेस्मंड टुटू शेजारी-शेजारी आले. ही जोडी आजही नजर खिळवून ठेवते.

मात्र या २१ जणांत आफ्रिकेच्या मातीत जन्मलेले तिघेच : टुटू, बेनिनचा अभिनेता जिमोन हौन्सू आणि सोमालियाची मॉडेल इमान. अंक आफ्रिकेचा आणि चेहरे बहुतेक अमेरिकेचे, ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्तच होती.