पत, पतपेढी आणि पतपत्र

मराठीतील ‘पत’ हा शब्द पैशाच्या आधी माणसाचा विचार करतो. ज्याची पत आहे त्याच्या नुसत्या शब्दावर व्यवहार होतो. आपल्या गावात ही पत घराण्याच्या नावाबरोबर चालत येते. परंतु नोकरीच्या निमित्ताने मुलूख सोडून शेकडो कोस दूर आलेल्या माणसाला नव्या शहरात पत कोण देणार? आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबांना हा प्रश्न कधी ना कधी पडलेला आहे. आज अमेरिकेत गेलेली आपल्यांतील काहींची मुले पहिले क्रेडिट कार्ड मिळावे म्हणून तेथील ‘क्रेडिट युनियन’चे, म्हणजे पतपेढीचे, सभासद होतात. या संस्थेच्या घडणीत हिंदुस्थानचाही वाटा आहे. तिची पूर्वपीठिका थोडक्यात मांडावी, असा आमचा मानस आहे.

प्रारंभ जर्मनीत झाला. १८४६–४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात फ्रीड्रिख रायफायझेन या ग्रामप्रमुखाने अन्नान्न झालेल्या शेतकऱ्यांसाठी मदत उभारली. केवळ दानधर्माने काम टिकत नाही, हे अनुभवाने पटल्यावर १८६४ साली त्याने हेड्डेस्डोर्फ येथे कर्जसंस्था काढली. कर्ज हवे असेल तर आधी सभासद व्हावे आणि एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी सर्वांनी घ्यावी, हे तिचे सूत्र होते. शहरांतील कारागिरांसाठी शुल्झे-डेलिच याने याच सुमारास निराळ्या धर्तीच्या पतसंस्था उभारल्या.

आपल्याकडे या विचाराची निकड रक्ताने व अग्नीने लिहिली गेली. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले. त्यांत शेतकऱ्यांचा रोष सावकारापेक्षाही त्याच्या दप्तरातील कर्जरोख्यांवर अधिक होता. रोखे हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. सरकारी कायदा होण्यापूर्वीच, १८८९ साली, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन झाली. देशातील सहकारी पतसंस्थांच्या इतिहासात तिला आद्यत्वाचा मान दिला जातो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांनी या नावाचे विशेष स्मरण ठेवावे. पुढे मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकल्सन यांनी आपल्या अहवालात रायफायझेनच्या पद्धतीचा पुरस्कार केला आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला.

त्याच वेळी कॅनडात एक सरकारी नोकर याच वाटेने चालला होता. अल्फोन्स देजार्दँ हे ओटावाच्या संसदेत फ्रेंच भाषेतील कामकाजाचे लघुलेखक होते. १८९७ साली सावकारी व्याजावरील चर्चा टिपून घेताना त्यांना त्या विषयाने पछाडले. युरोपातील जाणकारांशी पत्रव्यवहार करून त्यांनी १९०० च्या डिसेंबरात आपल्या लेव्ही गावी ‘केस पॉप्युलेर’ म्हणजे लोकपेढी स्थापिली. भाग पाच डॉलरचा होता. तो आठवड्याला दहा-दहा सेंटांनी फेडता येई. १९०१ च्या जानेवारीत पहिल्या दिवशी जमलेली रक्कम होती अवघी २६ डॉलर ४० सेंट! पुढे न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथे गिरण्यांत राबणाऱ्या फ्रेंच-कॅनेडियन कामगारांसाठी देजार्दँ यांच्याच साहाय्याने १९०८ साली अमेरिकेतील पहिली क्रेडिट युनियन सुरू झाली. तीही घर सोडून आलेल्यांचीच संस्था होती, हे लक्षात घ्यावे.

हिंदुस्थानचा धागा येथे जुळतो. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन १९०७ साली आपल्या देशात आले. येथील पतसंस्थांचे कार्य त्यांनी बंगालचे निबंधक गोर्ले यांच्याकडून जाणून घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांनी या कल्पनेसाठी आपला पैसा आणि प्रतिष्ठा वेचली. १९०९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये व १९३४ साली साऱ्या अमेरिकेसाठी क्रेडिट युनियनचा कायदा झाला.

पतपत्राचा, म्हणजे क्रेडिट कार्डाचा, जन्म याहून निराळा आहे. १९५० साली ‘डायनर्स क्लब’ निघाला. १९५८ साली ‘बँक ऑफ अमेरिका’ने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे साठ हजार कार्डे कोणी मागितलेली नसताना टपालाने घरोघर पाठवली. रायफायझेन म्हणे, आधी सभासद व्हा, मग कर्ज घ्या. येथे कर्जच पाकिटात घालून दारी आले. पुढे क्रेडिट युनियननीही कार्डे काढली, पण आपली जुनी अट सोडली नाही. बहुधा पाच ते पंचवीस डॉलर ठेवून सभासद व्हावे लागते आणि त्या सभासदाला मताचा हक्कही मिळतो. नवागताला ठेवीच्या तारणावर कार्ड देण्याची सोय अनेक ठिकाणी आहे. हप्ते वेळेवर भरत गेले की त्याच्या नावे पतीची नोंद साचू लागते. व्याजावरही मर्यादा आहे. संघीय कायद्याखालील क्रेडिट युनियनसाठी ती १९८७ साली १८ टक्क्यांवर आणण्यात आली आणि पुढे वेळोवेळी मुदतवाढ मिळून टिकली. बँकांच्या कार्डांना मात्र १९७८ च्या सर्वोच्च न्यायालयीन निकालाने आपल्या मूळ राज्याचा व्याजदर देशभर लावण्याची मोकळीक मिळाली.

तथापि क्रेडिट युनियनचे कार्ड झाले तरी ते कर्जच होय. सहजतेने मिळालेले कर्ज सहजतेने वाढते, हे सुप्याच्या शेतकऱ्याला जितके लागू होते तितकेच आजच्या पगारदारालाही. फरक इतकाच, की जेथे ऋणको हाच संस्थेचा मालक असतो, तेथे त्याला बुडवण्यात कोणाचाही फायदा नसतो. देजार्दँ यांच्या पेढीत बचत आधी आणि उधारी नंतर होती. हा क्रम उलटा झाला की पतपेढीचा आत्मा हरवतो आणि उरते ते नुसते दुकान.

परक्या भूमीत एकट्याला पत नसते. दहांनी मिळून ती निर्माण करावी लागते. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे वर्गणीच्या लहान लहान रकमांतून जे उभे केले, त्याचे मर्मही हेच नव्हे काय? परदेशी निघालेल्या मुलामुलींना आमचे सांगणे एवढेच, की कार्ड हाती येण्यापूर्वी आपण ज्या संस्थेचे सभासद झालो तिचा इतिहास ठाऊक असू द्यावा आणि तिच्या वार्षिक सभेला आवर्जून जावे.