रापण, ट्रॉलर आणि मालवणचा बांगडा: थोडा इतिहास, थोडा हिशेब

मंडळी, शाश्वत मासेमारी हा शब्द हल्ली प्रत्येक सरकारी बॅनरवर दिसतो. मालवणच्या किनाऱ्यावर ती पिढ्यान्पिढ्या चालत होती, फक्त तिला रापण म्हणायचे. पोस्ट लांब आहे, पण वाचा. पावसाळी बंदी उठली की हेच भांडण पुन्हा सुरू होणार आहे.

पर्यटक म्हणून रापण पाहिली असेल तर अर्धीच पाहिली. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवायचं, होडी जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ मारते आणि दुसरं टोक घेऊन परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढतात. एका कुटुंबाला हे झेपतच नाही, म्हणून जाळं गटाचं. मासळी विकली की जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. दोराला ज्याने हात लावला त्याला निदान कालवणापुरते बांगडे मिळायचेच.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे रापण माशामागे धावत नाही. थवा किनाऱ्याजवळ आला तर मिळाला, नाही तर रिकामं जाळं ओढायचं. खोल पाण्यातला मासा आपोआप वाचायचा, अंडी घालायचा, पुढच्या वर्षी पुन्हा यायचा. रापणीत बारीक मासळीही येते, हे खरंच आहे, आणि तो प्रश्न रापणकरांना विचारायलाच हवा. पण समुद्र उपसायची ताकद त्या जाळ्यात कधीच नव्हती.

ती ताकद आली स्वातंत्र्यानंतर. १९५२ मध्ये भारत-नॉर्वे करार झाला, केरळात यांत्रिक बोटींचा प्रकल्प सुरू झाला. पुढे परदेशात कोळंबीला भाव मिळू लागला आणि सरकारने ट्रॉलरसाठी कर्जं आणि अनुदानं दिली. ट्रॉलरचं जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं. कोळंबीबरोबर पिल्लंही येतात, आणि मासे जिथे वाढतात ती जागाच उद्ध्वस्त होते. शेजारच्या गोव्यात रांपणकार १९७०च्या दशकात रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा हे त्यांचे एक नेते, पुढे ते गोव्यात मंत्रीही झाले. मागणी साधी होती, किनाऱ्यालगतचा पट्टा आम्हाला सोडा.

त्या काळच्या आंदोलनांमुळे कायदे झाले. गोव्याचा १९८०चा, आपला महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१चा. (सिंधुदुर्ग जिल्हाही १९८१चाच. जिल्हा आणि कायदा एकाच वयाचे.) पण आपल्या कायद्यात एक मोठी फट होती. दंड ठरायचा बोटीवर सापडलेल्या मासळीच्या किमतीवर. लाखो रुपयांची बोट, आणि पकडली तेव्हा खणात मासळी थोडीच, की दंडही थोडाच. एका रात्रीत भरून निघायचा.

मधल्या काळात १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटर. इथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला. बाहेरच्यांना ते विचित्र वाटतं, समुद्र वाचवायला विरोध कसा? अहो, बाहेरून येणाऱ्या ट्रॉलरवर वचक नाही आणि दारातल्या होडीवर मात्र निर्बंध येणार, असं दिसलं तर कोण हो म्हणेल?

मग आलं पर्ससीन. हे जाळं अख्ख्या थव्याभोवती फिरवतात आणि खालची दोरी आवळतात, बटव्यासारखी. बांगडा आणि तारली थव्याने फिरतात, म्हणजे एका फेरीत थवाच्या थवा गेला. किनाऱ्यापर्यंत यायला उरतं काय? ओरड वाढली तेव्हा राज्याने डॉ. सोमवंशी समिती नेमली. तिच्या अहवालानुसार पर्ससीनचे परवाने ४९४ वरून टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे होते. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले, हंगाम ठरला सप्टेंबर ते डिसेंबर.

आता इथे जरा थांबा. पावसाळ्यानंतर बांगडा आपल्या किनाऱ्याला कधी लागतो? त्याच महिन्यांत. रापणीची कमाई कधी होते? त्याच महिन्यांत. निर्बंध घातला आणि नेमका मोक्याचा हंगाम मोकळा ठेवला. याला तडजोड म्हणायचं असेल तर म्हणा, माझ्या मते त्यात रापणकराच्या वाट्याला फारसं काही आलं नाही.

त्यात एलईडी. रात्री प्रखर दिवे लावून मासे एका जागी जमवायचे आणि उचलायचे. १२ सागरी मैलांच्या आत राज्याचा अधिकार, पलीकडे केंद्राचा, आणि या दोहोंच्या मध्ये दिवे लखलखत राहायचे. १० नोव्हेंबर २०१७ ला केंद्रानेही बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने आपला कायदा सुधारला. एलईडी मासेमारीला ५ ते २० लाख रुपये दंड, आणि कारवाईचे निर्णय तहसीलदारांऐवजी मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांकडे. चांगला बदल आहे, मान्य. म्हणजे १९८१ च्या कायद्यातली फट बुजायला ४० वर्षं लागली.

पर्ससीनवर काम करणारा खलाशी शत्रू नाही, तोही मजुरीवरच आहे, आणि मालवणातल्याही काहींनी कर्ज काढून ट्रॉलर घेतलेत. म्हणून समुद्रात बोटी अडवून, हाणामारी करून हा प्रश्न सुटत नाही. गुन्हे मात्र पारंपरिक मच्छीमारांवरही दाखल होतात, आणि मग कोर्टाच्या तारखा.

कायदा कागदावर आता कडक आहे. तेव्हा माहिती अधिकारात दोनच प्रश्न विचारावेत असं वाटतं. २०२१ च्या सुधारणेनंतर सिंधुदुर्गात किती नौकांवर कारवाई झाली? आणि ठोठावलेल्या दंडापैकी प्रत्यक्ष वसूल किती झाला? अर्जाचा मजकूर मी लिहून देतो. मालवण, देवगड, वेंगुर्ला, तिन्ही तालुक्यांतून कोण कोण टाकतंय, खाली कमेंटमध्ये सांगा.