हरणांपुढें मांडलेला मका

पालि वाङ्मयांत मज्झिमनिकाय म्हणून जो ग्रंथ आहे, त्यांत 'निवापसुत्त' नांवाचें एक सुत्त आहे. निवाप म्हणजे हरणांना भुलविण्यासाठीं पारध्यानें घातलेलें धान्य. श्रावस्तीच्या जेतवनांत भिक्षूंना उपदेश करतांना बुद्ध त्याचा दृष्टांत देतो. हरणें दीर्घायुषी व्हावीं, अंगानें भरावीं म्हणून पारधी हा चारा घालीत नाहीं. तीं खातां खातां बेसावध व्हावीं आणि आयतीं हातीं लागावीं म्हणून घालतो. पुढें चार कळपांची कथा येते. पहिला कळप अधाशासारखा तुटून पडतो व नाश पावतो. दुसरा त्याची दशा पाहून निवापाला तोंडच लावीत नाहीं, रानांत निघून जातो. परंतु ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यांत गवतपाणी सरलें, अंगांत त्राण उरलें नाहीं, कीं तोहि मुकाट्यानें त्याच धान्याकडे परततो. तिसरा जवळपास दडून राहतो आणि जपून खातो. पारधी चोहोंकडून कोंडून त्याची दडण हुडकून काढतात. चौथा मात्र पारध्याची गति नाहीं अशा जागीं वस्ती करतो. त्याला छेडलें तर इतर हरणेंहि बुजून हा निवाप सोडतील, या भीतीनें पारधी अखेर त्याचा नाद सोडतात.

बुद्धाला पारध्याच्या धंद्याविषयीं कांहीं सांगावयाचें नव्हतें. त्याच्या दृष्टीनें निवाप म्हणजे पंचेंद्रियांचे विषय आणि पारधी म्हणजे मार. परंतु दृष्टांत घ्यावयाचा तो श्रोत्यांच्या नित्य पाहण्यांतला, हा उपदेशकाचा संप्रदायच आहे. जातकांतही काशीच्या राजाचा माळी संजय हा गवताला मध माखून, वाऱ्याच्या चाहुलीनेंहि पळणाऱ्या वातमृगाला पायरी पायरीनें राजवाड्यांत आणतो. तेव्हां हरणाला त्याच्या जिभेच्या वाटेनें धरण्याची विद्या या देशांत निदान दोन हजार वर्षांची जुनी आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. (याच निवाप शब्दाचा संस्कृतांत पितरांना द्यावयाचें तर्पण असा अर्थ आहे, व निवापांजलि हा शब्द आपण मराठींत त्याच अर्थानें वापरतों. एका शब्दाच्या पोटांत मृगाचा घास आणि मृताचा घास असे दोन्ही यावेत, हा योगायोग चमत्कारिक खरा.)

आज या जुन्या सुत्ताचें स्मरण होण्यास कारण अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत चाललेला एक वाद. शिकाऱ्यानें मक्याचे दाणे रानांत ओतावे, हरणें तेथें येण्याची संवय लागूं द्यावी, आणि मग जवळच्या मचाणावर बसून त्यांना टिपावें, ही रीत तेथें पुष्कळ प्रांतीं रूढ आहे. ती कायद्यानें बंद करावी कीं नाहीं, हा तो वाद. आपल्याकडे रेडकूं बांधून मचाणावरून वाघ मारणारे राजेरजवाडे आणि साहेब होऊन गेले; पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो अध्याय मिटला, आणि त्या कायद्यांतील शिकारीच्या व्याख्येंत आतां आमिष दाखविणेंहि येतें. अमेरिकेंत शिकार हा लाखों सामान्य कुटुंबांचा हंगामी व्यवसाय आहे. घरांत वर्षाचें मांस त्यांतूनच येतें. म्हणून तेथें हा प्रश्न जिवंत आहे.

वादांत पहिल्यानें ऐकूं येतो तो धर्मयुद्धाचा मुद्दा. जेवतांना मारणें हें मर्दाचें काम नव्हे, असें एक पक्ष म्हणतो. या म्हणण्यामागें मोठी परंपरा आहे. युरोपीय वसाहती वाढत गेल्या तसतशी मांस व कातडें यांच्या बाजारासाठीं तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरणांची इतकी कत्तल झाली कीं, १९०० च्या सुमारास साऱ्या देशांत तीं पांच लाखांहून अधिक उरलीं नव्हतीं, असा अंदाज आहे. हा संहार पाहून थिओडोर रूझवेल्ट प्रभृतींनीं १८८७ सालीं 'बून अँड क्रॉकेट क्लब' स्थापिला, आणि जनावराला निसटण्याची संधि असेल तरच ती शिकार, हा 'रास्त पाठलागा'चा नियम पुढें आणला. १९०२ सालीं मिसिसिपी प्रांतांत रूझवेल्टसाठीं एक अस्वल झाडाला बांधून ठेवलें होतें. त्यावर गोळी झाडण्यास त्यांनीं नकार दिला, आणि त्यांतूनच 'टेडी बेअर' ही बाहुली जन्मास आली, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्या जखमी अस्वलाचे हाल थांबवा असें त्यांनीं सांगितलें व तें सुरीनें मारण्यांत आलें, हा उत्तरार्ध मात्र बाहुल्या विकणाऱ्यांनीं गाळला. रास्त पाठलागानें शिकाऱ्याची अब्रू राखली. अस्वलाच्या पदरीं त्यांतून कांहीं पडलें नाहीं. हा भेद नीट ध्यानांत ठेवला पाहिजे.

कारण, कायदा या अब्रूच्या तत्त्वावर फारसा कधीं उभा राहिलेला नाहीं. पाणपक्ष्यांच्या शिकारींत धान्य टाकण्यास व जिवंत बदकें भुलवणीस ठेवण्यास तेथील मध्यवर्ती सरकारनें १९३५ सालीं मनाई केली. परंतु त्या वर्षांत अवर्षणानें तळीं आटलीं होतीं आणि पक्ष्यांची संख्या भराभर घसरत होती. बंदीचें खरें बळ त्या घसरत्या आंकड्यांत होतें. शिवाय कॅनडाच्या वतीनें ब्रिटनशीं झालेला १९१६ चा तह आणि त्यावरील १९१८ चा कायदा यांमुळें प्रवासी पक्षी मध्यवर्ती सरकारच्या कक्षेंत होते. हरीण सरहद्द ओलांडून दक्षिणेस उडत जात नाहीं. तें ज्या त्या राज्याच्या ताब्यांत राहिलें. परिणाम असा कीं, टेक्सासांत हरणांचा मका पेट्रोलच्या दुकानांतून पोत्यांनीं विकला जातो, घड्याळाच्या ठोक्यावर दाणे उधळणारीं यंत्रें रानांत उभीं असतात. आणि दुसऱ्या एखाद्या राज्यांत तीच कृति दंडास पात्र ठरते.

बरें, बंदी घालावयाची तर ती कशावर? शिकाऱ्यानें रानांत क्लोव्हरचा तुकडा पेरला आणि त्याच्या कडेला तो बंदूक घेऊन बसला, तर बहुतेक ठिकाणीं तो निर्दोष. तोच पोतें आणून ओतूं लागला कीं गुन्हेगार. हरणाच्या दृष्टीनें दोहोंत काय अंतर आहे? पालि भाषेला हा घोटाळा पडला नाहीं. ज्या 'वप्' धातूपासून निवाप शब्द आला त्याचा अर्थ पेरणें असाहि आहे आणि विखुरणें असाहि. आमिषाचे कैवारी या विसंगतीवर नेमकें बोट ठेवतात. वृद्ध, अपंग, नवशिका मुलगा यांना दाट रानांत हरणामागें धांवतां येत नाहीं. स्वस्थ उभ्या असलेल्या हरणावर जवळून घातलेली गोळी एका क्षणांत काम करते, धांवत्यावर घातलेली त्याला घायाळ करून सोडते, हेंहि त्यांचें म्हणणें आहे. मला हा दुसरा मुद्दा मोलाचा वाटतो. मरणाऱ्याच्या बाजूनें विचार केला तर झटपट मरण ही लहान गोष्ट नव्हे.

मक्यानें शिकार सोपी होते, हें मात्र गृहीत धरूं नये. दक्षिण कॅरोलायनांत बरीच वर्षें समुद्राकडील भागांत आमिषाला मोकळीक होती आणि वरच्या भागांत मनाई. तेथील खात्यानें तुलना केली, तों जेथें मनाई होती तेथेंच चौरस मैलामागें अधिक हरणें मारलीं जात होतीं! मका दिसला कीं हरीण रात्रीचें येऊं लागतें, दिवसाचें दडून बसतें. निवापसुत्तांतील तिसरा कळपच तो. तरीहि २०१३ सालीं वरच्या भागांतील खासगी जमिनींवर आमिषाची परवानगी देण्यांत आली. लोकांना मका हवा होता, इतकेंच त्याचें कारण दिसतें.

या अब्रूच्या आणि सोयीच्या वादाला कलाटणी दिली ती रोगानें. १९९४ सालीं मिशिगन राज्याच्या ईशान्य भागांत रानटी हरणांत गुरांचा क्षय आढळला, आणि हरणांच्या चाऱ्याचे ढीग प्रथम संशयाच्या जागीं आले. त्याहून भयंकर रोग कोलोरॅडोंतील एका संशोधनकेंद्राच्या आवारांत १९६७ सालींच दिसला होता. त्याला तेथें 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' म्हणतात. विकृत झालेलें एक प्रथिन, ज्याला प्रायॉन ही संज्ञा आहे, मेंदूची चाळण करतें. हरीण महिनोन्‌महिने वरून धडधाकट दिसतें, आणि त्या काळांतहि रोग पसरवीत असतें. पुढें तें झिजतें, कान पाडून लाळ गाळीत फिरतें, आणि मरतें. औषध नाहीं, लस नाहीं. माणसाला हा रोग झाल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. पण तो लाळेंतून, मूत्रांतून, विष्ठेंतून पसरतो आणि त्याचें बीज मातींत वर्षानुवर्षें टिकतें.

येथें मक्याच्या ढिगाचा खरा दोष उघड होतो. रानांत चरणारें हरीण येथें एक डहाळी, तेथें चार पानें, असें हिंडत खातें. ढीग पडला कीं निरनिराळ्या कळपांचीं तोंडें रोज त्याच वीतभर जमिनीवर येतात. पेरलेल्या शेतांत आणि ओतलेल्या पोत्यांत अंतर काय, या मघांच्या प्रश्नाचें उत्तर मला येथें सांपडतें: शेत तोंडें पांगवितें, ढीग तीं एकत्र करतो.

२००२ सालीं विस्कॉन्सिनांत, म्हणजे मिसिसिपी नदीच्या पूर्वेस प्रथमच, हा रोग सांपडला आणि त्याच वर्षीं तेथें आमिषावर बंदी आली. मिशिगनमध्यें २००८ सालीं एका बंदिस्त हरणांत तो निघाला. दक्षिणेकडील द्वीपकल्पांत बंदी झाली, २०११ सालीं ती उठली. २०१५ सालीं मोकळ्या रानांतील हरणांत तोच रोग आढळला, आणि २०१९ च्या आरंभीं बंदी पुन्हां बसली. उत्तरेकडील द्वीपकल्पांत एका जागीं दोन गॅलन मका टाकण्याची मुभा ठेवली होती. ही मुभा मला समजत नाहीं. दोन गॅलन संपले कीं शिकारी पुन्हां दोन गॅलन घालणार. तोंडें तींच, जागा तीच.

विरोधक म्हणतात, हरणें एकमेकांना चाटतात, नर एकाच फांदीला तोंड लावतात, आणि बंदी असलेल्या राज्यांतहि रोग पोंचलाच आहे. हें खरें आहे. बंदीनें रोग थांबेल असें मीहि म्हणत नाहीं. पसरण्याच्या अनेक वाटांपैकीं जी एक माणसाच्या हातानें उघडते तेवढी मिटेल, इतकेंच. आणि ती मिटवावयाची तर केवळ शिकाऱ्याला अडवून भागणार नाहीं. कडक हिवाळ्यांत दयेनें अंगणांत मका टाकणारे गृहस्थ तेथें हजारों आहेत, जसे आपल्याकडे घाटांत माकडांना चणे टाकणारे आहेत. हिवाळ्यांत काटक्यांवर जगणाऱ्या हरणाच्या पोटांत एकदम मका गेला कीं तेथें आम्ल वाढतें, आणि दुसऱ्या कळपासारखें उपाशीं आलेलें तें जनावर कधीं कधीं भरल्या पोटीं मरून पडतें. मिशिगनच्या २०१९ च्या बंदींत शिकाऱ्याच्या मक्याबरोबर या दयाळू गृहस्थाचाहि मका आला. शिकाऱ्यांपेक्षां त्यालाच त्याचें अधिक दुःख झालें असेल. पण त्याला वगळलें नाहीं, हें त्या नियमांतील सर्वांत शहाणपणाचें कलम मला वाटतें.