पेण-रोह्याचे तीन गड: दगडांनी जपलेली नावे

१/ रायगड जिल्हा म्हटले की रायगड आणि जंजिरा आठवतात. पेण आणि रोहा तालुक्यांतील गडांकडे मात्र पावले क्वचितच वळतात. कोकणातील सत्तांतरांची साक्ष त्यांनीही जपली आहे.

२/ सांकशी (पेण): १५४० मध्ये निजामशाहीने हा गड गुजरातच्या सुलतानाकडून घेतला. सुलतानाच्या विनंतीवरून वसईच्या पोर्तुगीजांनी तो जिंकला आणि पुढे वार्षिक खंडणीच्या बदल्यात निजामशाहीलाच परत दिला. कातळात खोदलेली पाण्याची टाकी आजही तेथे आहेत.

३/ सुरगड (रोहा): येथील शिलालेख देवनागरी आणि अरबी अशा दोन लिपींत आहे. आज्ञा सिद्दी साहेबांची, गड बांधणारा सूर्याजी, हवालदार तुकोजी हैबत. ‘सिद्दी विरुद्ध मराठे’ एवढ्या सरळ चौकटीत हा इतिहास मावत नाही.

४/ अवचितगड (रोहा): कुंडलिकेच्या उत्तरेस असलेल्या या गडाच्या बुरुजावरील लेखात शके १७१८, चैत्र शुद्ध प्रतिपदा ही तिथी आहे, म्हणजे १७९६ चा गुढीपाडवा. सवाई माधवरावांच्या निधनाला सहा महिनेही झाले नव्हते. पुण्यात पेशवेपदाचा पेच सुटलेला नव्हता, तरी कोकणातील गडावर कामकाज चालू होते.

५/ सूर्याजी, तुकोजी यांच्यासारखी माणसे बखरींच्या पानांत सहसा भेटत नाहीत. त्यांची नावे उरली ती दगडावर, आणि ती अक्षरे दर पावसाळ्यात झिजत आहेत. लेखावर खडू वा रंग फिरवू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे. पुसट अक्षरेही तेव्हा वाचता येतात.